पेन्शन बंद झाली

२ नोव्हेंबर, रविवार

घरात भांडण! तेही चहा निवायच्या आत.

रविवारी दुपारी जर्मनीहून संघपालचा फोन येतो. आज आरोहीने जर्मन बडबडगीत म्हणून दाखवलं. एक अक्षर कळलं नाही, पण नातीचं गाणं, टाळ्या तर वाजवायच्याच. ह्यांनी वन्स मोअरसुद्धा दिला. सगळं छान चाललं होतं. मग पोरगा सहज म्हणाला, "आण्णा, तिकडच्या पेन्शनचा हप्ता चालू ठेवू का बंद करू? हितं जर्मनीची पेन्शन पगारातनं आपोआप कापत्यात. दोन-दोन कशाला?"

झालं! हे ताडकन उठले. "तिकडची म्हंजे कुठली रं? तुझ्या घरची की!"

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ह्यांनी जन्म घालवला. पेन्शन म्हणजे ह्यांचं दैवत! संघपालला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा पेढे नंतर आणले, आधी त्याचं सरकारी पेन्शनचं खातं उघडलं. पोरगा देश सोडून गेला तरी हप्ता कधी चुकला नाही. आणि आता हे!

फोन माझ्याकडे आला. मी आपलं विचारलं – जेवलास का?

३ नोव्हेंबर

अबोला. पोराशी नाही, माझ्याशी! मी काय केलं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

नोव्हेंबर आला की बँकेत हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा साहेबांना पटवून द्यायचं. चार दिवस हे गेटवर पेपर वाचायलासुद्धा बसले नाहीत, तरी आज मात्र इस्त्रीचा शर्ट घालून तयार. जिवंत दिसायला हवं ना!

रांगेत रावजी भेटले, ह्यांचे वर्कशॉपमधले जुने जोडीदार. ह्यांनी तिथेच संघपालची तक्रार मांडली. मग काय, रांगेची विधानसभा झाली.

रावजी म्हणाले, "त्रिंबक, माझी पिंकी दुबईला हाय. तितं परक्याला पेन्शन न्हाय का काय न्हाय. तिला मी सांगतोय, हितलं भरतच ऱ्हा. पर तुझ्या पोराला तितनं मिळणार हाय की! मग हितं पैसा साठीपर्यंत अडकवून ठिवायचा कशाला?"

हे म्हणाले, "आन् साठीला हितं आला तर?"

"येणार हाय का पण?"

मागची एक बाई म्हणाली, "दोन्हीकडचं असू द्या की, कुठलं तरी सरकार टिकंल." सगळे हसले. हे नाही हसले. खिडकीतल्या मुलाने सही मागितली तेव्हा दोनदा हाक मारावी लागली.

७ नोव्हेंबर

कुणी मला विचारत नाही, म्हणून इथे लिहिते. मी इतकी वर्षं बालवाडीत पोरांची नाकं पुसली, मला मेली कुठली पेन्शन! त्यामुळे माझं डोकं शाबूत आहे. संघपालचं म्हणणं बरोबर आहे. ज्या गावात म्हातारं व्हायचं त्या गावची पेन्शन. सरळ हिशोब.

पण ह्यांना पेन्शनचं पडलेलंच नाही. ह्यांना वाटतं, हप्ता चालू म्हणजे पोरगा परत येणार. दारात चप्पल दिसली की माणूस घरात आहे असं समजतो ना, तसं. परत येणार का, एवढं सरळ विचारायची ह्यांची छाती नाही.

मी तरी कुठे विचारते? जेवलास का, विचारते.

९ नोव्हेंबर, रविवार

फोन आला. पुढच्या महिन्यापासून हप्ता बंद, ठरलं. हे "बरं" म्हणाले आणि आंघोळीला गेले. दुसऱ्यांदा! मी थोडी रडले.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल संध्याकाळचं आज लिहिते. काल हसून हसून हात चालेना!

मी डोळे पुसत गेटपाशी गेले होते. शेजारच्या अक्कम्मा भिंतीवरून म्हणाल्या, "काय झालं वो बाई? आण्णा दिसंनात आठ दिस." मी म्हटलं, "काय सांगू अक्कम्मा, पेन्शन बंद झाली!" आणि तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून आत पळाले.

आता आमची ही सोलापूरची कॉलनी सगळी पेन्शनरांची. इथे कुणाची पेन्शन बंद झाली म्हणजे माणूस गेला, दुसरा अर्थच नाही. ज्या घरात माणूस जातो तिथे चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलं-भाकरी पोचवतात. हेही सगळ्यांना पाठ.

तासाभरात बेल वाजली. मी मागे दोरीवरचे कपडे काढत होते. दार ह्यांनी उघडलं. समोर अक्कम्मा डबा घेऊन, डोळ्याला पदर. मागे त्यांची बहीण सुंदरम्मा आणि अर्धी गल्ली. ह्यांनी माणसं पाहिलीच नाहीत, डबा पाहिला. झाकण काढलं आणि म्हणाले, "वा! गरम पिठलं! तुमाला कसं कळलं वो, मला आज ह्येच खावं वाटत हुतं?"

"अय्यो यव्वा!" सुंदरम्मा पायरीवर मट्कन बसल्या. अक्कम्मा मात्र चिडल्या! "आण्णा, तुमी हायसा? मग बाईनं पेन्शन बंद झाली म्हणून का सांगितलं?"

"माझी न्हाय वो, पोराची!"

"अय्यो, पोराला काय झालं?" आणि पुन्हा रडारड!

सगळं उलगडून सांगेपर्यंत माझा घसा बसला. तोवर रावजी आले, पांढरे कपडे, हातात हार. हार परत कसा न्यायचा? ह्यांनी गळ्यात घालून घेतला, पाटावर बसले आणि स्वतःच्या मयताचं पिठलं दोन भाकऱ्यांशी खाल्लं. वर कांदा मागितला. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण रावजींनी घरून निघतानाच वर्कशॉपच्या ग्रुपवर फोटोसकट 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली होती. ती कुणीतरी जर्मनीला पाठवली. फोन वाजला. संघपाल नुसतं "आई" म्हणाला आणि पुढे काही नाही. मी म्हटलं, "अरे, जेवायला बसलेत ते!" ह्यांनी फोन घेतला. "मी हाय की रं! लई झ्याक हाय." पलीकडे पोरगा हमसून रडत होता. ह्यांचा घास हातातच राहिला.

संघपालने तिकीट काढलं होतं. मी म्हटलं, रद्द कर. म्हणाला, "पैसे परत मिळत न्हाईत. आन् मिळाले असते तरी आलो असतो."

१३ नोव्हेंबर

आला! वाळलाय. थंडीचं जाकीट घालून सोलापूरच्या उन्हात उतरला, वेडा. अक्कम्मांनी गेटवरच त्याच्या पाठीत धपाटा घातला – "बापाला मारलास की रे!" हा आरोप कुठून आला, विचारायची सोय नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज फोन नाही, माणूसच घरात! तिघं गच्चीवर शेंगा फोडत बसलो होतो. बाप-लेक पेन्शन सोडून जगातल्या सगळ्या गोष्टी बोलले. शेवटी माझ्याच्याने राहवेना. विचारलं.

"संघा, तू परत राहायला येणार हायस का?"

त्याने हातातली शेंग फोडली नाही. "न्हाय, आई. वाटत न्हाय. आरोहीची शाळा तितं, हिची नोकरी तितं. मला बी आता तितं बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू?"

"मग हप्ता कशाला भरत हुतास?" हे म्हणाले.

"तुमाला बरं वाटावं म्हणून."

"आन् मी तुला भर म्हणत हुतो ते तुला परत यायला जागा ऱ्हावी म्हणून."

"जागा हाय की आण्णा. परवाच आलो न्हाय का, धावत?"

ह्यांनी टरफलं गोळा करून ठेवली. मग हे म्हणाले, "कर बंद. भरलेलं ऱ्हाऊ दे तितंच, साठीला घे. तवा मी नसंन."

"परवा बी नव्हताच की तुमी," संघपाल म्हणाला. आधी हेच हसले!

मला फार वाईट वाटलं. स्वयंपाकघरात येऊन रडले. लपवून काय करू? पण आज खूप दिवसांनी भूक लागली.

१८ नोव्हेंबर

हे पुन्हा गेटवर, पेपर मोठ्याने वाचतायत. अक्कम्मा दिसल्या की ओरडतात, "आता परत कधी जाऊ? पिठल्याला लसूण जरा जास्त घाला!" लाज सोडली आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

संघपाल दुपारच्या गाडीने गेला. गाडी हलेपर्यंत हात हलवत होता. मग रिक्षात बसलो. हे सात रस्ता चौकापर्यंत गप्प. मला वाटलं, आता पुन्हा अबोला.

तर एकदम म्हणाले, "अगं, जर्मनीत राहायला गेलो तर माझी पेन्शन तितं मिळती का गं?"

मी रिक्षावाल्याला फोटो स्टुडिओसमोर थांबायला सांगितलं. दोघांचे पासपोर्टचे फोटो उद्या मिळतील.