देवीचा मुखवटा आणि गेमचे दांडे

तीर्थरूप काळूदादांस,

शेणव्याहून हनुमानचा वाकून नमस्कार. वैशाखऱ्यात आईंचे गुडघे, आपला खोकला आणि नवी म्हैस असे सगळे बरे असावे. इकडे आपली बहीण नम्रता बरी आहे, मीही तसा बराच. देवीचा मुखवटा सुखरूप आहे, त्याबद्दल खाली लिहितोच. (फोनच केला असता, पण आपल्या घरचा फोन आई उचलतात.)

गुरुवारच्या पूजेसाठी मुखवटा उजळायला आपण माझ्याकडे दिलात, त्याच दुपारी मुरबाडचा ओमकार टेम्पो घेऊन कारखान्याच्या दारात उभा. (कारखाना मीच म्हणतो; आपण पत्र्याची शेड म्हणता, तेही खरे आहे.) माळशेजच्या रस्त्याला त्याने हॉटेल काढले आहे. तिथे गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी त्याने कुठल्याशा गोडाऊनमधून जुने व्हिडिओ गेम आणलेत. आपल्या तरुणपणी शहापूरला स्टँडजवळ असायचे तेच, कपाटाएवढे, उभे राहून खेळायचे. त्यांचे दांडे, बिजागऱ्या, नाणे टाकायची लोखंडी दारे असे सगळे गंजून विटकरीसारखे झालेले. "काका, शनिवारी ओपनिंग हाय. गंज काढा, निकेल चढवा, कायपन करा, पन नाय बोलू नका," म्हणाला. माझ्या तोंडून नाही हा शब्द निघतच नाही. लग्नाच्या वेळी माझा हा गुण आपल्या उपयोगी पडला होता.

आता कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. गंज काढायला मी सामान पातळ ॲसिडात बुडवतो. माझ्याकडे टप दोन. एक लोखंडी सामानासाठी, दुसरा पितळेसाठी, ज्यात समया आणि देव उजळतात. पितळेच्या टपात तांबे उतरून उतरून पाणी हिरवट झालेले असते. त्यात लोखंड पडले की तेच तांबे उलटे फिरते आणि आत असेल त्या प्रत्येक वस्तूवर जाऊन बसते. हे मला पंचवीस वर्षे ठाऊक आहे. "पितळेच्या टपात लोखंड घालू नये" असे मी स्वतः खडूने भिंतीवर लिहिले आहे. त्या दिवशी लोखंडाचा टप भरलेला होता आणि ओमकार घाई करत होता. मी दांडे दुसऱ्या टपात सोडले. त्यात देवी होती.

तरी लगेच काढले असते तर निभावले असते. पण ओमकारने एक गेम शेडमध्येच चालू केला होता, आणि आधी चकचकीत केलेला दांडा त्यात बसवून तपासणे हाही कामाचाच भाग आहे. दांडा डावीकडे जातो का, उजवीकडे जातो का, हे पाहायला विमान उडवावेच लागते. पहिली दोन विमाने पडली ती दांड्याचा दोष समजायला. मग तिसरे. (मी रोज सकाळी मारुतीला जाणारा माणूस. समोरून गोळ्या येऊ लागल्या तेव्हा मी मोठ्याने रामनाम घेत होतो, असे ओमकार सगळ्यांना सांगतो.) टपाची आठवण झाली तेव्हा दीड तास झाला होता.

देवी बाहेर काढली ती तांबूस. नवरीला हळद लागते, तशी हिला लाली लागलेली. ओमकारचे दांडेही तसेच, पण तो खूश: "काका, हाच कलर ठेवा, एकदम भारी!" नम्रताने पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "देवीला त्या टपात घातलंत नि तुमी इमान उडवीत बसलात?" मी म्हटले, तपासत होतो. ती म्हणाली, "मंग आता आईला तपासू द्या."

चिंचेने घासले तर कपाळ पिवळे झाले, गाल आणि नाकपुड्या लालच. जास्त घासायला हात धजत नाही. आपल्याकडच्या तीन पिढ्यांनी घासून देवीचे डोळे आधीच पुसट केलेत, माझ्या हातून ते जाऊ नयेत. दोन दिवस मी शेडमध्ये नुसता येरझाऱ्या घालतोय. देवी रागावली असेल असे मला वाटत नाही. तिने याहून वाईट भक्त पाहिले असतील. पण गुरुवारी कलशावर तिला आई बसवणार, आणि आईंना काहीही पुसट दिसत नाही.

पत्र ओमकारच्या हाती देतोय, तो हॉटेलवर जाताना आपल्या दारावरून जातो.

आपला,
हनुमान

ता. क. एक विनंती. मुखवटा माझ्याकडे देण्याआधी आपणच तो रात्रभर लिंबाच्या रसात ठेवला होता, असे आईंना सांगाल का? मुलाचे त्या सगळे पोटात घालतात. जावयाचे घालत नाहीत.

ता. क. २. वरची विनंती रद्द समजावी. नम्रताने पत्र वाचले. म्हणाली, "देवी समोर फळीवर हाय, नि तिच्यासमोर बसून खोटं लिवता?" मला खरोखर मान वर करवेना. बुधवारी संध्याकाळच्या एसटीने मी स्वतः मुखवटा घेऊन येतो आणि आईंना काय झाले ते सांगतो, विमानासकट. आपण फक्त घरी थांबा, आणि शक्यतो माझ्या आणि आईंच्या मध्ये बसा.

ता. क. ३. आता खरेच लिहायचे ठरले आहे तर हेही लिहितो, नम्रताला अजून माहीत नाही. काल लाली झाकण्यासाठी मी देवीचा डावा कान निकेलच्या टाकीत जरासा बुडवून पाहिला. तो आता मोटारसायकलच्या रिमसारखा चमकतो. गुरुवारी कलश कोपऱ्यात, डावीकडे भिंत येईल असा मांडता येईल का, तेवढे पाहून ठेवावे.