बारक्या खोटं बोलला

रविवार, १२ तारीख

प्रिय मावशी,

नमस्कार. ‘आम्ही सगळे मजेत आहोत’ असं आधी लिहिलं होतं, मग खोडलं. वरची खाडाखोड त्याचीच आहे. बाबा परत रंगकामाला जायला लागलेत. आई शिवणाचं मशीन उघडते, सुईत दोरा ओवते आणि तशीच बसून राहते.

मला हल्ली कोणी रागावत नाही. गणितात चाळीसपैकी सहा मिळाले, तरी बाई म्हणाल्या, असू दे. परवा मी साखरेची बरणी मुद्दाम फोडली. आईने पायात काच गेली नाही ना एवढंच विचारलं आणि झाडू आणला. मला मोठ्याने रडावंसं वाटलं.

तू इथे होतीस तेव्हाच तुला सांगणार होते. दोनदा तुझ्या मागे स्वयंपाकघरात आलेही. तू विचारलंस, काय गं? मी म्हटलं, पाणी हवंय.

मावशी, त्या दिवशी शाळेतून येताना मी बारक्याबरोबर नव्हते. तो चार पावलं चालला की धापा टाकत उभा राहायचा. मैत्रिणी पुढे गेल्या होत्या. तो म्हणाला, “ताई, थांब ना.” मी म्हटलं, “रोजचीच नाटकं तुझी,” आणि त्याचं दप्तर त्याच्याच हातात कोंबून पळाले.

किल्लीवाल्या काकांना तो त्यांच्या दुकानाच्या पायरीवर पडलेला दिसला. त्यांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. तिथे आईने विचारलं तर म्हणतो कसा, ताई होती ना बरोबर, तिनेच काकांना बोलावलं. आणि माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. म्हणजे दोन्ही डोळे मिटले. त्याला एकच मिटता यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

काल दुपारी मी आईला सगळं सांगितलं. ती ब्लाउजची शिवण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, “माहीत आहे. काकांनी त्याच दिवशी सांगितलं.”

मग तिने मला जवळ बसवलं. बारक्याचं हृदय फार दिवस चालणार नाही, असं डॉक्टर वर्षापूर्वीच म्हणाले होते. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? मी रोज थांबले असते. त्याला कधी एक धपाटासुद्धा घातला नसता.

“म्हणूनच नाही सांगितलं,” आई म्हणाली. “आम्ही सगळे त्याला जपतच होतो. त्याच्याशी भांडणारं कोणीतरी हवं होतं ना गं.”

एवढं बोलली आणि ते ब्लाउज तोंडाशी धरून रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले, पण मला तिचा रागही येत होता. अजून येतोय.

तुलाही माहीत होतं का? खरं काय ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

आता मला ताई म्हणणारं घरात कोणी नाही. तरी खाली तेच लिहिते.

तुझी,
बारक्याची ताई