गोळ्या चालू आहेत

१९ नोव्हेंबर १९३५

तपासणीला साहेब आले आणि मी वर्गात झोपले! चौथीच्या मुली पाढे म्हणताहेत, साहेब फळ्यापाशी उभे, आणि मास्तरीणबाई खुर्चीत गाढ. घोरले नाही एवढं नशीब. मुख्याध्यापिका नीलम्माबाईंनी नंतर बोलावून घेतलं. 'औषध चालू आहे ना? मग?'

हा 'मग?' हल्ली मला सगळेच विचारतात.

मग काय! गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले. गळ्यातली ग्रंथी मंदावलीय, म्हणून ही सूज, हा घोगरा आवाज, हा विसराळूपणा. ग्रंथीचं काम गोळी करील, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिले दोन-अडीच महिने करतही होती. गणपतीत मी आरतीला उभी राहून टाळ्या वाजवल्या! मग गोळीही माझ्यासारखीच पेंगायला लागली.

२२ नोव्हेंबर

डॉक्टर होटगीकरांकडे गेले. एडिंबरोहून शिकून आलेत. माझ्याकडे कमी आणि पुस्तकाकडे जास्त बघतात. म्हणाले, 'या हिशेबानं तुम्ही आता बऱ्या असायला हव्यात.' मी म्हटलं, 'डॉक्टर, पुस्तकाला थंडी वाजत नसेल.' हसले नाहीत. रोज एकीच्या दोन गोळ्या केल्या.

२३ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. लगेच निकाल – 'दोन घेऊनही झोपणार असशील, तर तो आजार नव्हे, स्वभाव.' वकील माणूस! समोरच्याचं ऐकायच्या आधी निकाल तयार.

स्वतः पहाटे पाचला उठतात. तळ्याला फेरी, सूर्यनमस्कार, मग जीवदया मंडळाचं भाषण लिहिणं. दिवाळीपासून पोट निम्मं झालंय. भुसाराच्या दुकानातल्या काट्यावर वजन करून आले – अठरा रत्तल कमी! 'निश्चय म्हणतात तो हा,' मला ऐकवलं. मी घोंगडीतून मान हलवली.

१ डिसेंबर

थंडी. सोलापुरात! बाकीचे लोक सदऱ्यावर फिरताहेत.

८ डिसेंबर

एक गोष्ट फक्त इथंच लिहिते. या गोळ्या मेंढीच्या आहेत. मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून, कुटून केलेल्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसरं औषध नाही. पहिली गोळी गिळून मी मोरीत बसून रडले. पंधरा दिवसांनी हातापायांत ऊब आली, तेव्हा त्या कोण कुठल्या मेंढीला मनातल्या मनात हात जोडले.

ह्यांना सांगितलं नाही. सांगणार कसं? मंडळाचे अध्यक्ष! आज सभेत म्हणाले, 'ज्याच्या मुखात मांसाचा कण गेला, त्याच्या मुखी देवाचं नाव शोभत नाही.' केवढ्या टाळ्या! मी पहिल्या रांगेत. मीही वाजवल्या.

१६ जानेवारी १९३६

तिळगूळ द्यायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, 'आता बऱ्या दिसता हं!' गोळ्या चालू आहेत हे कळलं की लोकांना मी बरीच दिसते. तोंड सुजून डोळे बारीक झालेत, तर म्हणे तब्येत भरली!

ह्यांचं मात्र कौतुक. पंचेचाळिशीत पंचविशीचा उत्साह, म्हणे. जानेवारीत घाम येतो, कोट काढून फेकतात. तिळगूळ देताना बोटं थरथरत होती. 'रक्त सळसळतंय,' म्हणाले. बोलतातही सळसळून – काल आमटीत मीठ कमी पडलं तर वाटी भिंतीवर.

केरात माझे केस बघून बजाबाई म्हणाली, 'बाई, लई गळत्यात की! त्या डाक्टरला जरा इचारा तरी.' घरात दहा वर्षं भांडी घासणाऱ्या बाईला दिसतं ते बाकी कुणाला दिसत नाही.

४ फेब्रुवारी

आज मुलींची हजेरी घेताना नावंच आठवेनात. पट समोर उघडा, आणि अक्षरं लागेनात. रंभा नावाची मुलगी उठून हळूच वाचायला लागली. तेवढ्यात दारात नीलम्माबाई!

वाईट नाहीत त्या. पण म्हणाल्या, 'आणखी एकदा असं झालं तर मला वर लिहावंच लागेल, बाई.' बारा वर्षांची नोकरी. ती गेली तर मी काय राहते? ह्यांच्या घरातली एक झोपाळू वस्तू.

१० फेब्रुवारी

डॉक्टर आज चिडले. 'तुम्ही गोळ्या घेतच नाही!' मी म्हटलं, रोज दोन, न चुकता. 'अशक्य. नाडी बघा, बैलगाडी बरी!' मग मीही चिडले. पिशवीतून बाटली काढून टेबलावर आपटली. ही बघा, मोजा, खा!

त्यांनी खरंच एक तोंडात टाकली. चघळली. चेहरा बघण्यासारखा झाला.

'बाई, ही सोडामिंट आहे. अपचनाची गोळी!'

११ फेब्रुवारी

शाळेत गेलेच नाही. बाटलीला हात कोण लावतं? घरात आम्ही दोघं आणि बजाबाई. विचारताना माझाच जीव लाजला. पण तिनं जराही राग धरला नाही.

'म्या न्हाय बाई. सायेब टाकत्यात की तोंडात! रोज सकाळी, फिराय जायच्या आदी. तीन-तीन, चार-चार. मला वाटलं, तुमीच देताय.'

कधीपासून, विचारलं. दसऱ्यापासनं, म्हणे.

१२ फेब्रुवारी

कोर्टातून आल्यावर विचारलं. उभ्या उभ्याच. आधी नाकारलं. मग बजाबाईचं नाव निघालं तसे खाली बसले.

'तुझ्या डॉक्टरांनीच नव्हतं का सांगितलं, गोळीनं अंगाची सूज उतरते? माझंही पोट जरा...'

'मग माझ्या बाटलीत सोडामिंट कशाला?'

'बाटल्या मीच आणतो. खऱ्या गोळ्या काढून घेतल्यावर बाटली रिकामी दिसली असती तर तुला उगाच काळजी.'

काळजी! चार महिने मी वर्गात लाज घालवत होते, स्वतःच्या आळसाला शिव्या देत होते, आणि माझी ऊब, माझी चाल, माझा आवाज हे तळ्याला फेऱ्या मारून खर्च करत होते. निश्चय म्हणे!

मला ओरडायचं होतं, पण आवाजच नाही. मग घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले – 'त्या मेंढीच्या आहेत.'

'काय मेंढीचं?'

'गोळ्या. मेंढीचा गळा कापून आतली ग्रंथी काढतात. रोज तीन-चार, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.'

हे मोरीत तासभर चुळा भरत होते. बाहेर आले ते पांढरेफटक. पहिला प्रश्न काय असावा? माझ्या तब्येतीचा? छे! 'मंडळात कुणाला माहीत नाही ना?'

१३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी ह्यांनाही तपासलं. छातीची धडधड वाढलीय – महिनाभर फिरणं बंद, भाषणं बंद. मला नवी बाटली. ती माझ्या पेटीत, किल्ली माझ्या कनवटीला.

१ मार्च

आज घोंगडी घडी करून ठेवली.

७ मार्च

वर्गात कविता म्हणून दाखवली. मोठ्यानं! मागच्या बाकावरच्या मुलींनी चमकून वर पाहिलं. नीलम्माबाई दारात थांबल्या, कविता संपल्यावर पुढे गेल्या. मला सगळ्या जणींची नावं येतात.

हे घरी निमूट असतात. सपाटून जेवतात. पोट परत येतंय. मी क्षमा केली असं नाही, पण कालपासून त्यांच्या पानात वाढताना हात आखडत नाही. लोभ होता, मूर्खपणा होता. तरुण दिसण्यासाठी माणूस काय काय करतो! एवढंच ते.

११ मार्च

सकाळी दहाचा सुमार. हे नुकतेच कोर्टात गेलेले. अक्कलकोटहून एक गृहस्थ आले, सिद्धनाथपंत म्हणून. मी दार उघडलं.

'वकीलसाहेबांच्या मंडळींची भेट होईल का? त्या उठू शकत नाहीत, ठाऊक आहे. दारातूनच विचारतो.'

'मीच ती.'

माझ्याकडे बघतच राहिले. मग अडखळत बोलले – मूल नाही, बायको खाटेला खिळलेली, फार दिवसांची सोबत नाही, असं ह्यांनी दसऱ्यातच कळवलंय. भाची सतरा वर्षांची. मुलगी पसंत, तारीख वैशाखातली. पण तिनं हट्ट धरला, पहिल्या बाईंची संमती त्यांच्याच तोंडून ऐकून या.

मी त्यांना पाणी दिलं. पायांत चपला घातल्या.

'चला. दुपारच्या गाडीनं मी तुमच्याबरोबर येते. तिला तोंडानंच सांगते.'