गुलाबी झाकण

मंगळवार, ११ मार्च

ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. गुडघे कसे आहेत? तुम्ही विणलेली टोपी ठकूला छान बसते. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलाला ती टोपी भाड्याने देते आणि त्याचे रंगीत खडू घेते. सात वर्षांची आहे, पण व्यवहार अगदी आत्यासारखा पक्का.

गुडघ्यांचं निमित्त करून तुम्ही निघालात, तो नेमका डॉक्टरीणबाईंनी ठकूचं जास्तीचं रक्त तपासायला घेतल्याचा दिवस. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरं तर त्याआधीपासूनच. रक्ताच्या कॅन्सरवरच्या त्या इंजेक्शनने सुरुवातीला एकदा तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. पुन्हा असं झालं तर औषध बदलावं लागेल, असं बाई म्हणाल्या. त्यानंतर साधी खाजसुद्धा नाही. सगळे खूश, मी सोडून. इंजेक्शनच्या दिवशीच पोरगी सकाळपासून का पेंगते?

मी तुमची इथे राहिलेली पिशवी तपासली. लाज वाटली नाही. मला वाटलं होतं, कुठली तरी मुळी उगाळून देत असाल. निघालं अॅलर्जीच्या औषधाचं गुलाबी, चिकट झाकण; खाज दाबणारं आणि झोप आणणारं ते औषध. औषधाच्या दुकानात जन्म गेला तुमचा. प्रवासाआधी उलटीची गोळी, जेवणाआधी पित्ताची. दुखण्याआधीच औषध, ही तुमची रीतच.

काल तपासणीचा निकाल आला. ठकूच्या रक्तात त्या इंजेक्शनचा पत्ताच नाही. तिच्या शरीराने त्याला शत्रू ठरवलंय; टोचलं की ते निकामी करून टाकतं. खाज हाच त्याचा इशारा होता. तुम्ही राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधलंत ताई, आणि आम्ही म्हणत बसलो, घरात किती शांत आहे!

ठकूला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, "खाज आली तर औषध बंद होतं, मग मी बरी होणार नाही. कुणाला सांगायचं नसतं."

तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. तरी राग येतो. खूप येतो.

आधीचं इंजेक्शन एका जंतूपासून बनवतात; शुक्रवारी त्याच कामाचं, पण दुसऱ्या जंतूपासून बनवलेलं औषध सुरू होणार आहे. बाईंनी बजावलंय, आधी चोरून काही देऊ नका. अंगावर काय उठतंय ते आम्हाला दिसू द्या. हेही लागू पडलं नाही, तर पुढे फारसं काही हातात नाही.

म्हणून एकच विचारते. तुम्ही गेल्यानंतरही एक इंजेक्शन झालं. त्या सकाळीही ठकू पेंगत होती. मी खाली रांगेत होते. तिच्याजवळ एकच माणूस होतं, आणि कालपासून ते माझ्या नजरेला नजर देत नाही. बाटली कुठे आहे विचारलं, तर म्हणे, "कसली बाटली?"

जाताना बाटली तुम्ही कुणाच्या हातात दिलीत? उत्तर मला ठाऊक आहे. पण शुक्रवारी ठकूजवळ कुणाला बसू द्यायचं, हे ठरवण्याआधी ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. फोन करा, आणि तो माझ्याच फोनवर करा. भावाला आयुष्यभर पाठीशी घातलंत. या एका वेळी भाचीच्या पाठीशी उभ्या राहा.

तुमच्या भावाची बायको,
पण आधी ठकूची आई