छुईखालचे नंबर

२९ सप्टेंबर १९५७

मी आता घर पाहते. शेषराव इथल्या पोलाद कारखान्यात फिटर लागले, तेव्हा भरतीच्या साहेबाला त्यांनी तसं सांगितलं. "साहब, मेरी घरवाली अब सिर्फ घर देखती है." गोंदियाहून पोलिसांचा कागद आला होता. त्यात माझ्या सतरा भाषणांच्या तारखा होत्या. मला स्वतःला बारा आठवत होती. बिडी कामगार बायांच्या संपाचा इतका नीट इतिहास आमच्या युनियननेही ठेवला नाही!

तर घर. कुरुद गावाच्या पलीकडे पाच घरांची वस्ती — इकडे पारा म्हणतात. गयाबाई नावाच्या विधवेच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. कारखान्याचं क्वार्टर मिळेपर्यंत इथेच. माझी पुस्तकांची ट्रंक शेषरावांनी भिंतीला लावली, वर घोंगडी टाकली, म्हणाले, "बसाले मस्त झालं." सदतीस पुस्तकांवर बसून मी तांदूळ निवडते.

"दिवाळी येऊन राहिली," ते म्हणाले. "घर लिप, सजव, फिर जराशी. मजा कर ना. जिंदगीभर भांडलीच तू."

इथे मी त्यांना नावाने लिहिते. तोंडाने अजून 'अहो'च. एवढी क्रांती बाकी आहे.

२ ऑक्टोबर

लांबून लाउडस्पीकर. कुणीतरी गांधीजींवर बोलत होतं. वाक्य सुरू करायचा आणि मधेच सोडून द्यायचा. मी कढईला राख लावत होते. त्याची तीन वाक्यं मी मनातल्या मनात पुरी केली. कढई लखलखीत निघाली.

६ ऑक्टोबर

रशियाने आकाशात चंद्र सोडला. शेषराव सांगत होते, साइटवरचे रशियन इंजिनियर लहान पोरांसारखे नाचले. रोलिंग मिलच्या पायाच्या खड्ड्यात उतरलेल्या रेजांना, म्हणजे मजूर बायांना, कुणी काही सांगितलं नाही. त्या डोक्यावर घमेलं घेऊन वर आल्या आणि पुन्हा खाली गेल्या.

मी गयाबाईबरोबर छुईच्या खाणीवर गेले. छुई म्हणजे पांढरी माती; इकडे दिवाळीला भिंती तिने लिपतात. तळ्यापलीकडे कमरेएवढा खड्डा, त्यात बायका बसलेल्या. गयाबाई साठीची असेल, पण कुदळ माझ्यापेक्षा सरळ मारते. मला "नोनी" म्हणते. म्हणजे मुलगी. मी चाळिसाची आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "त का होगे?" मग काय झालं!

धानाला लोंब्या आल्यात. आभाळ धुतल्यासारखं. वाटेत वास येत होता — गवताचा, ओल्या मातीचा. बरं वाटलं. बरं वाटल्याचा राग आला.

११ ऑक्टोबर

तीन दिवस लिपते आहे. छुई भिजवायची, गाळायची, पोताऱ्याने, म्हणजे ओल्या फडक्याने, ओढायची. हात एकाच दिशेने गेला पाहिजे, नाहीतर वाळल्यावर भिंतीवर ढग दिसतात. माझ्या भिंतीवर पहिल्या दिवशी पावसाळाच होता. गयाबाई हसली, पोतारा हातातून घेतला, सगळं पुन्हा ओढलं. आता जमतं. वरच्या भागासाठी ट्रंकेवर उभी राहते. पुस्तकांचा शेवटी उपयोग झाला.

समोरची भिंत राहिली. तिच्यावर गेरूने नंबर आहे — ४३. श्रावणात मोजणीवाले आले होते. पाच घरांना ४१ ते ४५ असे नंबर टाकून गेले. ही जमीन कारखान्याकडे जाणार. पुढच्या फेरीत नंबर पाहून घरमालकाचं नाव लिहिणार, आणि ज्याचं नाव लिहिलं त्याला नव्या वस्तीत जागा. असं सांगून गेले.

गयाबाई त्या आकड्यापाशी थांबली. "नोनी, एला झन मेट." हा पुसू नको.

चौकट सोडून लिपायचं! एवढी सुबक पांढरी भिंत आणि मधे लाल डाग. बैलाच्या पुठ्ठ्यावर देतात तसा.

१२ ऑक्टोबर

आज बोलले.

ठरवलं नव्हतं. पाचही घरच्या बायका अंगणात होत्या, धानाच्या लोंब्या विणायचं मला शिकवत होत्या. दिवाळीला दाराशी लोंब्यांची झालर टांगतात, चिमण्यांनी खावी म्हणून. भागीरथा मला मराठीत समजावून सांगत होती. तिचं माहेर आमगावचं, पंचेचाळीस नंबरच्या घरात दिलेली. मी विचारलं, "नंबर कोणाला असतो ग?"

ती म्हणाली, "कैद्याले."

तिथून मला कुणी थांबवू शकलं नसतं. मी ट्रंक अंगणात ओढली का? ओढली. वर चढले का? चढले. नंबर पोत्याला असतो, जनावराला असतो. घराला नाव असतं, घर बांधणाऱ्याचं. नंबर घेतलात म्हणजे जायला कबूल झालात. जागा देऊ म्हणतात — कागद दिला का कुणी? मी असे शब्द गोंदियात पोत्याने पाहिलेत. पाच घरांनी मिळून नंबर पुसले तर मोजणार काय? वर्षभर गळ्यात कोंडलेलं सगळं निघालं. आवाज तळ्यापर्यंत गेला असेल. अर्धं त्यांना भाषेमुळे कळलं नसणार. भागीरथा मधेमधे सांगत होती.

मग थांबले. एक म्हातारी रडत होती.

"पटते, ताई," भागीरथा म्हणाली. "आजवर आमाले असं कोणी सांगतलंच नाही."

गयाबाई उठली. पोतारा भिजवून माझ्या हातात दिला. मी ४३ पुसला. गेरू पाण्यात लगेच सुटतो.

१४ ऑक्टोबर

पाचही भिंती पांढऱ्या. शेषरावांनी पाहिलं, म्हणाले, "वा! सुंदर केलं." नंबर गेल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. पारा रुप्याचा दिसतो. माझी झालर वाकडी झाली, तरी सकाळीच चिमण्या आल्या. गयाबाईने तांदळाचे फरे दिले, मी अनारसे दिले. तिने एक खाल्ला आणि म्हणाली, "गुर के रोटी." गुळाची भाकरी! माझ्या आईने ऐकलं असतं तर.

संध्याकाळी बायका टोपलीत मातीचा पोपट ठेवून टाळ्या वाजवत गोल नाचल्या. मला मधे ओढलं. नाचले. मान्य करते — आनंद झाला. आणि तो फक्त दिव्यांचा नव्हता. या पाच भिंती माझ्या आहेत असं वाटत होतं. सभा संपल्यावर टाळ्या ऐकताना वाटायचं तसं.

३१ ऑक्टोबर

शेषरावांना सुटी. शिवनाथच्या काठी आवळीभोजन. दुर्गहून रेल्वेतली मराठी कुटुंबं आली होती. आवळ्याखाली पंगत, वांग्याची भाजी, कढी, भाकरी. पाणी निवळशंख. ठकूबाई — त्यांचे यजमान गार्ड — मला न्याहाळत म्हणाल्या, "तुमीच त्या भाषणवाल्या कांताबाई? आता काय करता?"

"लिपते," मी म्हटलं.

"बरं हाय. हाताले काम असलं का तोंड बंद राह्यते."

सगळे हसले. शेषराव सगळ्यांत मोठ्याने. मीही हसले. माझ्याकडे पाच भिंती होत्या ना!

परत आलो तर अंगणात दिवा नाही. मोजणीवाले दुपारी येऊन गेले.

१ नोव्हेंबर

भागीरथाने सांगितलं ते जसंच्या तसं.

नंबर नाहीत. बाबूने भिंतीवर बोट ओढलं, पांढरी माती बोटाला लागली. "ये तो अभी का बना है." जागा लाटायला आठवड्यापूर्वी उभी केलेली घरं, असं समजले ते. बाया म्हणाल्या, दिवाळीचं लिपलंय, घर सासऱ्याने बांधलंय. बाबू म्हणाला, असं सगळेच म्हणतात. रजिस्टरात ४१ ते ४५ आहेत, पण ती घरं हीच कशावरून? पाचांपैकी एकाचंही नाव लिहिलं नाही. शेजारच्या पाऱ्यातली तीसही घरं लिहून घेतली.

गयाबाईच्या नवऱ्याने हे घर पंचवीस वर्षांपूर्वी बांधलं. भिंत दीड हात जाड आहे. आणि मी ती नवी करून ठेवली.

३ नोव्हेंबर

मोजणीच्या साहेबाने पाचही घरच्या बायकांना बोलावलं. नंबर आपोआप जात नाहीत, म्हणाला. कुणी पुसायला सांगितलं त्याचं नाव द्या, बाकीच्यांचं लिहून घेतो. सांगणाऱ्याला मात्र जागा नाही, शिवाय सरकारी निशाणी पुसल्याची केस.

कुणी नाव सांगितलं नाही. गयाबाई म्हणाली, "हर देवारी म तो लीपथन." दर दिवाळीला लिपतोच की.

मी घरात होते. तांदूळ निवडत.

४ नोव्हेंबर

शेषरावांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बूट पुसत राहिले.

"जाऊन सांगते," मी म्हटलं.

"जा. माया गेटपास बी घेऊन जा संग. तिथंच जमा कर." मग जरा हळू, "दोन दिवस थांब, कांता. मी पाह्यतो काही."

थांबले. तेवढ्या वेळात स्वतःला विचारलं — त्या बायकांचं घर वाचवायचं होतं मला? खरं लिहायला ही एकच जागा आहे. मला बोलायचं होतं. वर्षभर बोलले नव्हते. त्या अंगणात धान विणत बसल्या होत्या आणि मला श्रोते दिसले. गयाबाईने "झन मेट" म्हटलं, ते माझ्या कानात शिरलंच नाही. मी ट्रंकेवर होते.

७ नोव्हेंबर

दोन दिवस झाले. तिसराही गेला. शेषराव म्हणतात, होऊन राहिलंय, काळजी करू नको. मी विचारत नाही. मी! जिने मंचावर मंत्र्याला उभ्याने प्रश्न विचारले.

८ नोव्हेंबर

क्वार्टरची नवी ओळ बांधून झाली. आम्हाला एक मिळालं. पाहून आले. दोन खोल्या, नळ, सिमेंटची जमीन — काही लिपायला नको. दारावर सफेद्याने नंबर. अक्षर छान आहे.

९ नोव्हेंबर

भागीरथा सकाळी आली, दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही.

"चार घरं लिवून झाले, ताई. आमचं बी झालं."

"आणि गयाबाईचं?"

"तिचं काटलं. तिनंच सांगतलं होतं म्हणे पुसाले." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "साहेब म्हणे, तिच्याच घरात राह्यते त्या फिटरनं नाव दिलं. काल तिले बलावलं. ती बी हो म्हणली. अंगठा देऊन आली."

शेषराव पाळीवरून येईपर्यंत मी दारात बसले. त्यांनी नाकारलं नाही. डबा खाली ठेवला.

"मंग कोणाचं सांगू? तुयं?"

मी डबा उचलला.

"तिचं का जाते? मातीचं घर. पोरगं नाही, बाळ नाही. बहिणीकडं राहील. म्हातारीवर केस करत नाही कोणी." मग म्हणाले, "चार घरं वाचले ना? मी वाचवले. तू भाषण देल्लं."

 

१० नोव्हेंबर

गयाबाई तुळशीपाशी सारवत होती. मी शेजारी बसले, हात शेणात घातला. का हो म्हणालीस, विचारलं.

"तैं पहुना अस, नोनी. पहुना के नाव कोनो लेथे?"

मी तिच्या घरची पाहुणी. पाहुण्याचं नाव कुणी घेतं का?

मग तिने मला माझा हात दाखवला — दोन दिशांना फिरत होता. ढग पडतील, म्हणाली.

शेषरावांनी ट्रंक दोरीने बांधली आहे. परवा गाडी येणार.

११ नोव्हेंबर

मोजणीचं ऑफिस. उघडताच पहिली मीच. वाटभर भाषण जुळवलं होतं, त्यातलं काही बोलले नाही. बाबूने कागद ओढला. माझं नाव. सांगितलं. नवऱ्याचं नाव, कारखान्यातला टोकन नंबर. थांबले, मग तेही सांगितलं.

"मकान नंबर?"

"त्रेचाळीस. गयाबाईचं घर. नंबर मी पुसला. लिहा."