व्याह्यांपुढं वाकायचं कसं

सोमवार, ५ जानेवारी

जीभ न्हाई वळत तर न्हाई वळत! सकाळपासून एकच शब्द घोकून राह्यले — कामसाहाम्निदा. म्हणजे आभारी आहे. एवढी लांबण? आपल्या घरात कुणी कुणाचे आभार मानतं का! मी ह्यांना चहा दिला अन् हे 'आभारी आहे' म्हणले, तर मी आधी ताप बघीन.

आदिनाथसाठी चाललंय सगळं. पोरगं कोरियात नोकरीला गेलं अन् तिथल्याच मिंजीवर जीव जडला. तिचे आईवडील तयार न्हाईत. अठरा तारखेला त्यांच्याशी व्हिडिओ कॉल. "आई, त्यांना मान लई लागतो. तू त्यांच्या भाषेत दोन शब्द नीट बोललीस की काम झालं. मंग लग्न करू अन् मार्चमध्ये आम्ही येतो."

आम्ही येतो! वरची खोली मी आजच झाडून घेतली.

बुधवार, ७

आन्न्योंग हासेयो — नमस्कार. म्हणताना कमरेत वाकायचं. नुसतं 'आन्न्योंग' म्हणलं तर अरे-तुरे केल्यासारखं! आदिनाथ फोनवर खेकसला, "शेपूट सोडू नको आई, व्याही आहेत ते." मला मानपान शिकवतो! 'काकांना अहो म्हण' म्हणून याला धपाटे कुणी घातले?

शुक्रवार, ९

डोकं दुखलं. काही न्हाई केलं.

बुधवार, १४

संक्रांत. वाणाला आलेल्या बायांसमोर जाऊबाई सत्यशीला बोललीच — "आपण मुलाकडचे. वाकायचं त्यांनी. तुम्ही कशाला कमरेत वाकायची प्रॅक्टिस करून राह्यल्या?" बाया फिदीफिदी हसल्या. नुसता संताप! कारण माझ्याही पोटात तेच होतं. मुलाकडच्यांनी आधी वाकल्याचं मी जन्मात पाह्यलं न्हाई.

तरी त्या गेल्यावर आरशापुढं वाकले. कंबर धरली. हे खाटेवरून म्हणतात, "अजून वाक, हरपलेली सुई सापडंल." आग लागो त्या हसण्याला!

रविवार, १८

झाला कॉल. वाट लावली मी! मिंजीचे वडील दिसले अन् हात आपसूक पदराकडं गेला. डोक्यावर पदर, मान खाली, अंग तिरपं. व्याह्यांपुढं आमच्या बाया अशाच उभ्या राह्यतात, मला दुसरं काय येणार! त्यांचा चेहरा पडला. आदिनाथ घाईघाईनं म्हणला, "आई, समोर बघ! त्यांना वाटून राह्यलं तू रागावलीस."

घोकलेलं सगळं उडालं. रडकुंडीला येऊन ओरडलेच, "अरे, सांग ना त्यांना, हा मान आहे आमचा!"

त्यानं सांगितलं. तशी दोघं नवरा-बायको उठली अन् कमरेत वाकली. मंग मीही वाकले. पदर गळ्यात, चष्मा खाली. पण शब्द आले, शेपटासकट! मिंजीची आई डोळे पुसत होती. आदिनाथ म्हणला, उद्या कळवतो.

सोमवार, १९

आदिनाथचा फोन. होकार आला.

लग्नानंतर पोरानं तिकडंच, त्यांच्याजवळ राह्यचं — ही त्यांची अट. आदिनाथला पहिल्या दिवसापासून माहीत होती. इतकं शिकवलं मला, एवढंच सांगितलं न्हाई.

लई रडू आलं, ते गिळलं. मंग विचारलं, "अभिनंदनाला त्यांच्यात काय म्हणतात रे?"

"चुखाहाम्निदा."

पहिल्याच दमात म्हणता आलं.