ढोल्या पाणी पीत नाही

३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझा कुत्रा खुशाल आहे, त्यावरून मीही आहे असं समज. तुझ्या पत्रात माझी चौकशी हल्ली त्याच्यानंतरच येते. तिकडे तू नर्स म्हणून रुजू झालीस, इकडे ढोल्या माझ्या पलंगाखाली. तुमच्या वसतिगृहात कुत्रा चालत नाही हे बरंच झालं, मला सोबत मिळाली.

तुझा तो टवका उडालेला मातीचा वाडगा माळ्यावर टाकला आणि त्याला स्टीलचं खोलगट पातेलं आणलं. गळ्यात पितळेचा बिल्लाही घातलाय. जन्मभर लोकांच्या दारावरच्या पाट्या कोरल्या, घरच्यासाठी कधी काही कोरलं नाही, म्हणून पत्रा चांगला जाडजूड घेतला. नाव असं उठलंय की बोटानं वाचावं.

फक्त पाणी जरा कमी पितो. पातेल्यात तोंड घालतो आणि मागे सरतो. नवं घर, नवे नखरे. फोन करू नकोस, मला ओ की ठो कळत नाही. लिहीत जा.

सदैव तुझाच,
बाबा

८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नखरे म्हणून सोडून देऊ नका. ढोल्या आता म्हातारा झालाय आणि मागे एकदा त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिलाय. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडून बघा. लगेच बसली तर ठीक, तशीच उभी राहिली तर अंगात पाणी कमी आहे. हिरड्या बोटाला ओल्या लागायला हव्यात, चिकट नव्हे. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला, व्हरांड्यातही ठेवा, जेवणात थोडं कोमट पाणी कालवा. आणि तुम्ही स्वतः नुसत्या चहावर जगता, तेव्हा त्याच्याबरोबर तुम्हीही एकेक पेला प्या.

कानाचं यंत्र अजून खणातच ना? तिथे ठेवून त्याला फार तर खणातलं ऐकू येईल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
ठमी

१४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस ते सगळं केलं. तशीच आणखी पातेली आणून खोलीखोलीत मांडली. हा प्रत्येकापाशी जातो आणि शेपूट घालून परततो. हातानं भरवलं तरच चार घास खातो. कातडी चिमटीतून सोडली तर खाली बसायला वेळ घेते. पशुवैद्यांनी कातडीखाली सलाईन दिलं. म्हणाले, असं किती दिवस टोचणार, स्वतःहून प्यायला लागला नाही तर मूत्रपिंडं टिकायची नाहीत. ठमे, मला भीती वाटते. तू विश्वासानं ठेवलेला जीव आहे हा. काही झालं तर तुला कोणत्या तोंडानं सांगू?

यंत्राचं म्हणशील, तर तुझी आई गेल्यापासून या घरात ऐकण्यासारखं उरलंय काय?

काळजीत असलेला,
बाबा

१८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र औषधांच्या खोलीत वाचलं आणि तिथेच रडले. महिनाअखेरीपर्यंत रजा नाही, मेट्रनबाईंपुढे हात जोडून झाले. तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. आई गेली, पण मी आहे ना, बाबा?

एक कराल का? तो पातेल्यापाशी गेला की काय होतं ते तुम्हाला नुसतं दिसतं. माझ्याकडे प्यायचा तेव्हा लपलप आवाज पार बाहेरच्या खोलीत यायचा. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी यंत्र लावा आणि जवळ बसा.

जीव तिकडेच ठेवून,
ठमी

२३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

ढोल्या पाणी प्यायला. हे आधी लिहितो, बाकीचं मागून.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी यंत्रावरची धूळ झटकली, नवा सेल घातला आणि कानात अडकवलं. आपली खुर्ची इतकी कुरकुरते हे मला ठाऊकच नव्हतं. ढोल्या आला, वाकला, आणि गळ्यातला बिल्ला पातेल्याच्या काठावर ठण्णकन आपटला. तो मागे सरला. मीही दचकून मागे सरलो. बिल्ला मी केलेला, पातेलं मी आणलेलं. बिचारा तोंड घालायचा अवकाश, त्याच्या कानाशी घंटा बडवत होतो आणि वर नखरेल म्हणत होतो.

बिल्ला काढला. शिडी लावून तुझा वाडगा माळ्यावरून उतरवला. तो बराच वेळ लांबूनच मान वाकडी करून बघत होता. मग एकदा जीभ लावली, थांबला, आणि सगळा वाडगा संपवला. मी जमिनीवर बसून ती लपलप ऐकली. डोळे भरून आले, लपवत नाही.

आता कातडी झटकन बसते. सलाईन बंद आहे. मूत्रपिंडांची तपासणी अजून व्हायची आहे, पण डॉक्टर हसून बोलले, आणि ते काय बोलले तेही मला कळलं. बिल्ला पट्ट्यालाच सपाट ठोकून टाकलाय, लोंबत नाही. पातेल्यांत झाडं लावीन म्हणतो.

माझी माया तुला न सांगता कळते, तरी लिहून ठेवतो.

तुझा,
बाबा

ता. क. रविवारी फोन कर. उचलतो.